सोनापट्टीतल्या पोरांना कुठे पाठवायचं?

विषय तसा साधा होता. आमच्या दुकानातल्या दोन पोरांच्या प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत दुर्गापूजेच्या आधी संपते आहे. ती नवी करून घ्यायची तर त्यांना कुठे पाठवायचं? माझे यजमान आणि त्यांची भाची या प्रश्नावर बोलत जेवायला बसले, ते हात वाळले तरी उठेनात.

यजमान विट्याकडचे. खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली, त्यातलंच आमचं एक घर. कोलकात्याच्या बडाबाजारात, सोनापट्टीच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची भट्टी आहे. मोडीत आलेलं सोनं मुशीत वितळवायचं, टाकणखार घालायचा, चांदी मिसळून तेजाबात उकळायचं, मग शुद्ध सोनं तळाशी उरतं. भाची बायपासकडच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सीला नर्स आहे. तिचं स्वतःचं बेसिक लाइफ सपोर्टचं, म्हणजे बीएलएसचं कार्डही याच सुमारास संपतं आहे. मी दोघांना वाढत होते आणि मधूनमधून बोलतही होते. त्यांचं बोलणं इथे देते आहे, कारण छोटा कारखाना, शाळा किंवा सोसायटी चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडतो. बहुतेक ठिकाणी जवळ काय आणि स्वस्त काय एवढं बघून तो मिटवला जातो. तो तसा मिटवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मामा: यात एवढा विचार कसला? गव्हर्न्मेंट प्लेसला सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचं ऑफिस आहे. दुकानातून चालत जाता येतं. मी तिथलाच विद्यार्थी. तिकोनी पट्टी कशी बांधायची, मोडलेल्या हाताला फळी कशी लावायची, भाजलं तर काय करायचं, सगळं शिकवतात. तीन वर्षांचं प्रमाणपत्र मिळतं. इन्स्पेक्टर आला की तेच दाखवायचं.

भाची: आणि आत्ताचं प्रमाणपत्र कुठलं आहे पोरांचं?

मामा: ते मागे बाजारात एक शिबिर झालं होतं, त्यातलं.

भाची: त्या शिबिरात पोरांनी पुतळ्यावर छाती किती वेळ दाबली?

मामांनी आत हाक मारली. आटपाडीचा पोरगा आला. पंचविशीतला, अंगाने दणकट. त्याने सांगितलं की पुतळा एकच होता, माणसं हॉलभर होती, त्याची पाळी आली तेव्हा चार-पाच वेळा दाबून पुढच्याला जागा दिली. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळालं, फोटोसकट.

भाचीने कोपऱ्यातली गादीची वळकटी ओढली, फोनवर मिनिटाला एकशे दहाचा ठोका लावला आणि त्याला गुडघ्यावर बसवलं. पहिलं मिनिट पोराने छान काढलं. दुसऱ्या मिनिटाला कोपरं वाकू लागली, दाब उथळ झाला, आणि दोन दाबांच्या मध्ये हात पूर्ण वर येईना. तो वर यावाच लागतो, कारण छाती पुन्हा फुगली तरच हृदयात रक्त भरतं. दोन मिनिटं होत आली तेव्हा पोराच्या कपाळावर घाम होता. भट्टीपुढे दिवसभर उभा राहणारा पोरगा तो.

भाची: बघितलंत? ताकदीचा प्रश्न नाही हा. म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. आपला हात किती खोल जातोय हे दाबणाऱ्याला कळत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कोर्सात पुतळाच ते सांगतो, दिवा लागतो किंवा आवाज येतो. २०१९पासून त्यांनी असं उपकरण सक्तीचं केलंय. माझं म्हणणं, पोरांना तिथे पाठवा. कार्ड दोन वर्षांचं असतं, पण हात तपासून मिळतं.

मामा: आणि शिकवणार कोण? इंग्रजीतून पडद्यावर व्हिडिओ. माझी पोरं सातवी-दहावी झालेली. हिंदी कळतं, बंगाली कळायला लागलंय. इंग्रजीत परीक्षा दिली की घाबरून तिथेच गार पडतील. शिवाय एका माणसाच्या फीमध्ये माझी अर्धी पोरं शिकून येतील. आणि मला सांग, तुझ्या बीएलएसमध्ये तेजाब शिकवतात का?

इथे भाची थांबली. प्रश्न अगदी रास्त होता. बीएलएस हा मुळात दवाखान्यातल्या माणसांसाठी घडवलेला कोर्स. त्यात हृदय बंद पडणं, श्वास थांबणं, घशात अडकणं, एईडी म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र चालवणं हे आहे. तेजाब, भाजणं, रक्तस्राव त्यात नाही. त्याच असोसिएशनचा सामान्य माणसांसाठी हार्टसेव्हर नावाचा कोर्स आहे, त्यात प्रथमोपचारही घेता येतो. पण आमच्या भट्टीत जे रोज घडू शकतं त्याची यादी वेगळीच आहे, आणि मामांना ती पाठ आहे.

मामा: तेजाब अंगावर उडालं तर कपडा काढायचा आणि वाहत्या पाण्याखाली धरायचं. वीस मिनिटं. घड्याळ लावून. आमची जुनी माणसं वरून खायचा सोडा चोळायची. मी ते बंद केलं. मुशीतलं सोनं पायावर सांडलं तरी तेच, पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. अंगठी असली तर सूज यायच्या आत काढायची. आणि ती तपकिरी वाफ, तिचं काय? माणूस खोकतो, दहा मिनिटांनी म्हणतो मी बरा आहे, चहा पितो, कामाला लागतो.

भाची: आणि रात्री फुप्फुसात पाणी भरून आमच्याकडे येतो. ती वाफ नायट्रोजन डायऑक्साइडची. त्रास कित्येक तासांनी वाढतो, कधी दुसऱ्या दिवशी. ज्याने वाफ घेतली त्याला बरं वाटत असलं तरी हॉस्पिटलात दाखवायचंच. आणि वाफेत पडलेल्याला काढायला दुसऱ्याने तसंच आत धावायचं नाही. आधी पंखा, खिडकी, हवा.

मामा: मग? हे सगळं कुठे शिकणार पोरं?

भाची: कबूल. हे प्रथमोपचाराच्या पूर्ण कोर्सातच येईल. पण मामा, तुम्ही शिकलात तेव्हा छाती दाबायचं प्रमाण काय होतं?

मामा: पंधरा वेळा दाबायचं, दोनदा फुंकायचं.

भाची: २००५ साली ते तिसाला दोन झालं. २०१०मध्ये क्रम बदलला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती असं होतं, त्याऐवजी आधी छाती. २०१५मध्ये वेगाला आणि खोलीला वरची मर्यादा आली. दर पाच वर्षांनी सगळा पुरावा पुन्हा तपासतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्येही नवे नियम आले. मोठ्या माणसाच्या घशात घास अडकला तर आता आधी पाठीत पाच थापा, मग पोटावर पाच दाब. आमच्या आधीच्या कार्डाच्या वेळी थेट पोटावरच दाबायला शिकवलं होतं.

मामा: पाठीत थापा? त्या तर आम्हाला सुरुवातीपासून शिकवल्या होत्या! रेडक्रॉसवाल्यांकडेही आहेत.

मामांचा आनंद लपत नव्हता, आणि तो खोटा नव्हता. एका परंपरेने जपून ठेवलेली गोष्ट दुसरीने पुराव्यानिशी पुन्हा स्वीकारली, असं इथे खरंच झालं आहे. म्हणूनच एकाच संस्थेची पोथी उघडून तीच शेवटची समजणं मला पटत नाही. पण भाचीचा मुद्दाही यातूनच पक्का होतो. प्रमाणपत्र नवं करायचं ते तारीख उलटते म्हणून नाही, आतला मजकूर बदलतो म्हणून. मग पाठवण्याआधी केंद्राला विचारायचं की तुम्ही कुठल्या सालच्या नियमांनी शिकवता. ज्याला साल सांगता येत नाही त्याच्याकडे जाऊ नये.

मग बोलणं कागदावर आलं. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ४५व्या कलमात प्रथमोपचाराच्या पेटीचा नियम होता. दर दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी, आणि ती सांभाळणाऱ्या माणसाकडे राज्य सरकारने मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि कलमांचे आकडे बदलले. मामांची भीती मात्र तीच आहे.

मामा: कार्ड अमेरिकेचं, इन्स्पेक्टर इथला. त्याने हे आमच्या यादीत नाही म्हटलं तर?

भाची: आणि उलट सांगू? माझ्या हॉस्पिटलच्या एचआरला तुमचं तीन वर्षांचं प्रमाणपत्र दिलं तर ते परत करतील. त्यांना बीएलएसच हवं.

दोघांचंही बरोबर होतं, आणि हे आधीच लक्षात न घेतल्यामुळे लोक दोनदा पैसे भरतात. जो कागद मागणार आहे त्यालाच पहिल्यांदा विचारायचं. कारखान्याला एक लागतो, हॉस्पिटलला दुसरा, शाळा आणि जिम आपापलं ठरवतात, परदेशी जाणाऱ्या नर्सला तिसराच. फोनवर ऐकून भागत नाही, लेखी घ्यावं.

कागदावरून मामांना एका एजंटाची आठवण झाली. तो दुकानात येऊन सांगून गेला होता की यायची गरज नाही, आधार कार्ड आणि फोटो द्या, आठ दिवसांत प्रमाणपत्र घरपोच. मामांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं, याचा मला अभिमान आहे. भाचीने त्यात तिची भर घातली. नुसते व्हिडिओ बघून, प्रश्नांची उत्तरं टिचकवून मिळणारं सीपीआरचं, म्हणजे छाती दाबण्याचं नि श्वास देण्याचं, प्रमाणपत्र तिच्याकडे कुणी धरत नाही. वाचनाचा भाग घरी संगणकावर झाला तर हरकत नाही, पण पुतळ्यावरची परीक्षा प्रशिक्षकासमोरच द्यावी लागते. हार्ट असोसिएशनचं कार्ड आता डिजिटल असतं, त्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की खरं-खोटं कळतं. कुठल्याही संस्थेला विचारावं की तुमचं प्रमाणपत्र मी कुठे पडताळून पाहू. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं विचारायलाच नको.

मामा: आता माझं ऐक. तिसरा रस्ता आहे. भूलतज्ज्ञ डॉक्टर लोक फुकट शिकवतात. फुंकायचं नाही, नुसतं दाबायचं. तासाभरात होतं. सगळ्या पोरांना तेच शिकवून टाकू.

भाची: कोल्स. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेतून इंडियन रिससिटेशन कौन्सिल उभी राहिली, त्यांनी २०१७मध्ये ही पद्धत मांडली. माणूस कोसळला हे ओळखा, मदतीला फोन करा, छाती दाबत राहा, हॉस्पिटलला न्या. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात आणि त्यात काहीच करत नाहीत. त्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं. आपल्या इमारतीतल्या प्रत्येकाने शिकावं. हमालांनी, चहावाल्यानेसुद्धा.

मामा: मग झालं तर!

भाची: नाही झालं. आपली पोरं रविवारी जगन्नाथ घाटावर अंघोळीला जातात ना?

मामा गप्प झाले.

भाची: गंगेत बुडालेल्या माणसाचं हृदय बंद पडतं ते हवा न मिळाल्याने. त्याच्या रक्तात प्राणवायूच उरलेला नसतो. नुसती छाती दाबून ते रिकामं रक्त फिरवून काय होणार? त्याला श्वास द्यावाच लागतो. वाफेने गुदमरलेल्याचंही तेच. लहान मुलाचंही बहुतेक वेळा तेच. आणि पोरं उन्हाळ्यात गावी गेली, शेतात झोपली, मण्यार चावली तर? मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, हृदय नंतर थांबतं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत कुणी श्वास देत राहिलं तर माणूस हाती लागू शकतो. दोरीने आवळू नका, चिरू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, हेही आता शिकवतात. तुमच्या वेळी आवळायला सांगत होते.

मामा: सांगत होते. करकचून.

बंगालमध्ये पाणी आणि साप हे दोन्ही विषय पुस्तकातले नाहीत. सुंदरबनात बुडून जाणाऱ्या लहान मुलांचा प्रश्न चाइल्ड इन नीड इन्स्टिट्यूट आणि जॉर्ज इन्स्टिट्यूट यांनी घरोघर पाहणी करून पुढे आणला. ज्या घराच्या अंगणाशेजारी तळं आहे, तिथल्या आईला नुसतं छाती दाबायला शिकवून पाठवणं पुरेसं नाही. कोल्स ही सगळ्यांसाठीची पहिली पायरी मानावी. जबाबदार म्हणून ज्याचं नाव भिंतीवर लावायचं, त्याला श्वास देताही आला पाहिजे. खिशात मावणारा मुखवटा मिळतो, तो पेटीत ठेवला तर तोंडाला तोंड लावायची अडचणही उरत नाही.

त्या रात्रीचा खरा वाद पुढे झाला. मामा म्हणाले की आपल्याकडे कुणी कोसळला तर पोरं त्याला उचलून चार मिनिटांत खाली आणतील आणि मेडिकल कॉलेजला नेतील. अंतर किलोमीटरभराचंच आहे. सेंट जॉनमध्ये उचलून न्यायच्या रीती शिकवतातच.

भाची: जिन्यावर छाती कशी दाबणार?

मामा: जिन्यावर कशाला? तिथे गेल्यावर डॉक्टर बघतील.

भाची: मामा, हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. विजेचा झटका देऊन हृदय सुरू करायचं असेल तर छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. जिना अरुंद, खाली हातगाड्या, ठेले, महात्मा गांधी रोडची गर्दी. तुमचं किलोमीटरभर अंतर दुपारी चार वाजता किती मिनिटांचं होतं? मोडलेला पाय असेल तर फळी लावा आणि सावकाश खाली आणा, तिथे तुमची विद्या लागते. पण ज्याचा श्वास नाही, हाक मारली तर ओ देत नाही, त्याला जिथे पडला तिथेच, फरशीवर, दाबायला सुरुवात. एकाने दाबायचं, एकाने फोन करून खाली गाडी थांबवायची, तिसऱ्याने पाळी घ्यायची.

मामा: आणि तो तिथेच गेला तर पोलीस काय विचारतील? की मालकाने हॉस्पिटलला नेलं नाही!

ही भीती खरी आहे आणि अनेकांच्या मनात असते. भाचीने त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१६चा निकाल सांगितला. मदत करणाऱ्याला पोलिसांनी आणि हॉस्पिटलांनी छळू नये, म्हणून आखलेल्या नियमांना न्यायालयाने त्यात कायद्याचं बळ दिलं. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-ए हे कलम आलं, त्याने मदतनिसाला संरक्षण मिळालं. पण हे सगळं रस्त्यावरच्या अपघातांपुरतं आहे, दुकानातल्या घटनेला ते लावता येत नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं. मला तिचं हे सांगणं आवडलं. दिलासा द्यायचा म्हणून तिने कायदा ताणला नाही. दुकानात मालकाला उत्तर द्यावं लागेलच, आणि तेव्हा प्रशिक्षित माणसाने नियमाप्रमाणे छाती दाबली, फोन केला, वेळ लिहून ठेवली, हेच त्याच्या बाजूने बोलेल.

भाची: गायक केके आठवतो तुम्हाला?

मामा: नझरुल मंच.

भाची: ३१ मे २०२२. कॉलेजचा कार्यक्रम संपवून हॉटेलवर गेला आणि कोसळला. त्रेपन्न वर्षांचा. शवविच्छेदनानंतर एका डॉक्टरांनी वृत्तसंस्थेला सांगितलं होतं की बेशुद्ध झाल्याबरोबर सीपीआर मिळाला असता तर तो वाचू शकला असता. मी कुणाला दोष देत नाहीये. तिथे असलेल्या लोकांना त्याच्याबद्दल माया नव्हती का? होती. त्या क्षणी काय करायचं हे मायेने सुचत नाही. आधी हाताला सवय लागते.

मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी हात धुतले, परत येऊन बसले आणि वही मागितली. धंद्याची माणसं बोलणं आटोपून हिशेबाला येतात ती अशी.

इथून पुढे त्यांनी एक गोष्ट मांडली ती मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसलेली नाही. दोन्ही पोरांची मुदत एकाच दिवशी संपते, कारण दोघं एकाच शिबिराला गेली. आणि दोघं एकाच गावची, म्हणजे चैत्रात यात्रेला दोघंही एकदम जातात. त्या दिवसांत भट्टी चालू असते आणि पेटीला माणूस नसतो. म्हणून आता चार पोरं निवडायची, दोन दोन गावांची, आणि सहा सहा महिन्यांच्या अंतराने पाठवायची. एकाची मुदत संपत आली तरी दुसऱ्याची ताजी राहील. महालयाच्या आधी पहिली जोडी उरकायची, कारण पूजेत कोलकाता बंद आणि पूजेनंतर धनतेरसपर्यंत भट्टीला उसंत नाही. मुदत उलटली तर बऱ्याच ठिकाणी छोटा नूतनीकरणाचा वर्ग मिळत नाही, पूर्ण कोर्स करावा लागतो.

भाची: आणि मधल्या तीन वर्षांचं काय? हाताची सवय तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागते, असं अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलंय. तुमचं तीन वर्षांचं प्रमाणपत्र असो की माझं दोन वर्षांचं, दोन्ही कार्डं हातापेक्षा जास्त टिकतात.

मामा: मग दर तीन महिन्यांनी फी भरू?

भाची: नाही. केंद्राला हेच विचारायचं की आमची माणसं मधून येऊन पुतळ्यावर अर्धा तास हात चालवू शकतील का? जे हो म्हणेल तिथे जा. ते जवळ असलेलं बरं, म्हणजे खरंच जाणं होईल. तिथे तुमचं चालत जाण्याचं अंतर कामाला येतं, मी मान्य करते.

माझं मत विचाराल तर या दोघांच्या बोलण्यातलं हे वाक्य सगळ्यात मोलाचं. केंद्र निवडताना आपण शिक्का बघतो, फी बघतो, पत्ता बघतो. तिथे माझ्या हाताची परीक्षा कोण घेणार, मला किती वेळ दाबू देणार आणि मी पुन्हा आलो तर दार उघडणार का, हे विचारणारा माणूस विरळा. किती जणांमागे एक पुतळा, हा एक प्रश्न फोनवर विचारला तरी निम्मी निवड होते. ज्यांच्याकडे पुतळे पुरेसे आहेत ते आकडा लगेच सांगतात.

शेवटी ठरलं ते असं. भट्टीच्या पोरांसाठी प्रथमोपचाराचा पूर्ण कोर्स, कागद मागणाऱ्याला मान्य असलेला, हिंदी किंवा बंगालीतून शिकवणारा. मामांनी सेंट जॉनचा आग्रह धरला आणि भाचीने तो मानला, पण अट घातली की ती स्वतः आधी जाऊन बसेल, कुठल्या सालचे नियम आणि किती पुतळे ते विचारेल आणि मगच नावं देईल. तेजाब आणि वाफ यांच्याबद्दल जे कोर्सात अपुरं असेल ते ती रविवारी भट्टीवर येऊन पोरांना दाखवेल. पाण्याचा नळ भट्टीपासून किती पावलांवर आहे तेही मोजेल. तिचं कार्ड ती तिच्याच केंद्रात नवं करेल. इमारतीतल्या बाकी सगळ्यांसाठी एका संध्याकाळी कोल्स. एईडीचं यंत्र घ्यायचं की नाही यावर एकमत झालं नाही. इमारतीतल्या सगळ्या दुकानांनी मिळून घ्यावं असं भाची म्हणते, आणि त्याची बॅटरी नि पॅड कोण सांभाळणार असं मामा विचारतात. तो विषय बाजार समितीच्या पुढच्या बैठकीत जायचा आहे.

मामा: लिही. आटपाडीचा एक, विट्याचा एक. पुढच्या खेपेला उरलेले दोघे.

भाची: आणि तुम्ही?

मामा: माझे गुडघे? जमिनीवर बसलो तर उठायला दोन माणसं लागतात. मी कुठे दाबणार?

भाची: मग तुम्ही फोन करायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा, मिनिटं मोजायची आणि माणसं बदलायला ओरडायचं. त्यालाही शिकावं लागतं. पण मामा, एक सांगते. हृदय बंद पडण्याच्या बहुतेक घटना दुकानात नाही, रस्त्यावर नाही, घरात होतात. तुम्ही साठी ओलांडलीत, बीपीची गोळी घेता. रात्री घरात तुमच्याजवळ कोण असतं? आटपाडीचा पोरगा नसतो.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मुद्द्यांमध्ये डाळ-भात वाढत मी इतका वेळ पोरांचाच विचार करत होते. मी भाचीला वहीत माझं नाव पहिल्या जोडीच्या वर लिहायला सांगितलं. वर्ग बंगालीत असला तरी मला चालेल, इतकी वर्षं बाजार त्याच भाषेत करते आहे. फक्त पुतळा किती जणांत एक ते तू उद्याच विचार, आणि गुडघ्याखाली घ्यायला काही न्यावं लागतं का तेही.